उशिरा परत आलेली पुस्तकं

रूबेन, बूट दाराशीच काढ, बर्फ आत आणू नकोस.
बाहेर उणे चौतीस आहे, आणि हे तळघर
वरच्या चर्चच्या बॉयलरवर तग धरून आहे, माझ्यासारखंच.
तुझं हस्तलिखित वाचलं. सहाशे बारा पानं.
दोनदा डुलकी लागली.
दोन्ही वेळा तुझा राजपुत्र प्रार्थना करत होता.

रागावलास? बस. कॉफी घे.

एकतीस वर्षं या कपाटांपाशी बसते आहे.
पुस्तकांतलं मला फार कळतं असं नाही,
पण परत येतात तेव्हा ती कशी होऊन येतात, ते कळतं.
काही येतात इस्त्रीच्या सदऱ्यासारखी,
रविवारपुरती अंगात घातलेली.
काहींत प्लमच्या मुरंब्याचे डाग, गव्हाचा भुसा,
एकीत तर ट्रॅक्टरच्या तेलात बुडालेला अंगठा,
बरोबर त्या ओळीवर, जिथे सहा पंखांचा दूत
गोठ्यात उतरतो आणि म्हातारी त्याला म्हणते,
"दार लोटून घे बाबा, गाई बुजतात."

अंगठा अब्राम टेव्सचा.
त्याआधी त्यानं कादंबरी कधी हातात धरली नव्हती.
तो थांबला गाईंपाशी.
थांबला, म्हणून मग पंखही दिसले.

तुझ्या राज्यात गाई नाहीत, रूबेन.
कुणाचे पाय फुटत नाहीत, कुणाची भाकरी करपत नाही.
तुझा जादूगार वेशीवरूनच ओळखू येतो:
काळा झगा, काळे दात.
मोह असा दिसत असता
तर तुझ्या काकांना वर उभं राहून बोलायला काय उरलं असतं?
अरे, मोहाला ताज्या पावाचा वास येतो.
तो तुझं नाव नीट उच्चारतो.

आणि ती शेवटची सतरा पानं,
ज्यात वृद्ध राजा कृपेचा अर्थ समजावून सांगतो,
ती पेटवायला ठेव.
अर्थ नको सांगूस. कुणाच्या तरी दारात ती
नको त्या वेळी येऊन उभी राहू दे.

थांब, एक दाखवते.
हे बघ, 'मिठाच्या नदीचा नावाडी'. पाठ निखळली आहे.
यातल्या नावाड्याची मुलगी खोकत असते.
तो गाडीभर सुक्या लाकडांसाठी
शत्रूला राजाची वाट सांगून टाकतो.
राजा मरतो. म्हणजे, मरतो असं वाटतं.
मग एका रात्री गोठलेल्या नदीवरून, पायी, एकटा,
तो नावाड्याच्या झोपडीशी येतो.
तलवार नाही. हातापायांना जखमा.
आणि विचारतो एवढंच:
"लाकडं पुरली का?"

तू गप्प झालास. मीही झाले होते.

आता पान दोनशे अकरा उघड.
नाही ना? नुसता खुंट उरलाय.
कॉर्नेलियस हार्डर, वय बारा,
सात महिने पुस्तक घरी. तीन चिठ्ठ्या पाठवल्या.
मे महिन्यात आई घेऊन आली, दंडाची नाणी मोजून,
माझ्या नजरेला नजर न देता.
त्या हिवाळ्यात हार्डरांकडे काय झालं
गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.
थोरला मुलगा परत दिसला नाही, एवढं खरं.
मी दंड घेतला. पानाचे पैसे मागितले नाहीत.
पुढे जो कुणी हे पुस्तक नेई
त्याला ते पान मी तोंडानं सांगत असे.
इतक्या वेळा सांगितलं की
आता त्यात थोडी मीही मिसळले असेन.

तर तुझ्या सहाशे बारांपैकी
कोणतं पान कुणी चोरेल?
लगेच नको सांगूस.
ज्याला पटकन सांगता येतं त्याचं पुस्तक
इस्त्रीसकट परत येतं.

ऐकलंस? वर बर्फाचा नांगर आला.
कॉर्नेलियसच आहे. चाळिशी उलटली त्याची.
पहिल्यांदा चर्चचाच रस्ता साफ करतो,
पायऱ्या उतरून मात्र कधी येत नाही.
जरा थांब.
त्याला वाट मोकळी करू दे, मग निघ.